बाराची प्रार्थना

१

नेकनूरच्या अलीकडे माळावर ख्रिस्ती माणसांची सात घरं होती आणि त्या सात घरांचं मिळून एक देऊळ होतं. मातीच्या चार भिंती, वर पत्रे, आत शेणाने सारवलेली जमीन आणि समोरच्या भिंतीवर बाभळीच्या लाकडाचा क्रूस. बहात्तर सालच्या दुष्काळात दिवाळी कशीबशी झाली आणि सातही घरं उठली. नगरकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचा मुकादम ट्रक घेऊन आला. माणसं भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन ऊसतोडीसाठी त्यात चढली. मागे राहिली एकटी साखराबाई. भादव्यात दुष्काळी कामावर खडी फोडताना तिच्या गुडघ्यावर दगड पडला होता. तेव्हापासून पाय नीट वाकत नव्हता, आणि असा पाय घेऊन उसाच्या फडात जाता येत नाही.

तिचा नवरा सटवा हा मंडळीतला वडीलधारा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा बीडहून येत, एरवी प्रार्थना सटवाच चालवी. ट्रकमध्ये चढण्याआधी त्याने सगळ्यांना लिंबाखाली उभं केलं.

"दिस डोक्यावर आला की आपुन फडात भाकरीला बसणार," तो म्हणाला. "भाकर मोडायच्या आधी प्रभूची प्रार्थना म्हणायची. हिकडं साखरा म्हणंल, तिकडं आपुन. माणसं पांगली तरी मंडळी पांगाया नगं."

सगळ्यांनी मान डोलावली. शेजारच्या भारतची बायको चतुरा पोटाशी दोन महिन्यांचं पोर घेऊन उभी होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर झालेलं पोर. नाव ठेवलं होतं शमुवेल, सगळे शमू म्हणत.

"मावशी," चतुरा म्हणाली, "ह्याचं नाव घेत जावा रोज."

"घेते की. तू नीट जा."

ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत साखराबाई उभी राहिली, आणि मग सूर्य डोक्यावर आला म्हणून देवळात गेली.

२

त्या मंडळीची प्रार्थना म्हणायची एक रीत होती. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून पुढे बसलेल्याने एक ओळ म्हणायची आणि मागच्यांनी तीच ओळ परत म्हणायची. पुढचा माणूस क्रुसाकडे तोंड करून, मंडळीकडे पाठ करून बसे. डोळे सगळ्यांचेच मिटलेले.

साखराबाई आता सटवाच्या जागी, एक पाय लांब करून बसू लागली. ती एक ओळ म्हणायची, मागे कोणी नसायचं, तरी मंडळीला लागला असता तेवढा वेळ ती थांबायची आणि मग पुढची ओळ घ्यायची. शेवटी सगळ्यांची नावं एकेक करून घ्यायची. शमूचं नाव सर्वांत शेवटी.

मार्गशीर्षात एका दुपारी, ती अशीच थांबली असताना, मागे कोणीतरी खोकलं.

घसा साफ करण्यासाठी माणूस खोकतो तसा तो खोकला होता. सटवा गाण्याआधी अगदी असाच खोकायचा. तिने डोळे उघडून मागे पाहिलं. रिकामी जमीन, गुंडाळून ठेवलेली तरटं, दारातून आलेला उन्हाचा पट्टा.

उन्हाने पत्रे ताणतात, आवाज करतात, हे तिला माहीत होतं. शिवाय दोन दिवसांपासून तिच्या पोटात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची एकेक भाकरीच होती, आणि पोट रिकामं असलं की कान वाजतात. ती स्वतःला तसं म्हणाली आणि पुढची ओळ घेतली.

चार दिवसांनी ओळीच्या मागे कुजबूज आली. आठवड्याने शब्द कळू लागले. पंधरा दिवसांत तिच्यामागे पुरी मंडळी बसून प्रार्थना म्हणत होती. सटवाचा जाड आवाज, भारतचा नाकातला, चतुराचा बारीक. डोळे उघडून मागे पाहिलं की काही नसायचं आणि आवाजही थांबायचा. म्हणून तिने पाहणं सोडलं.

ती घाबरली नाही, हे सांगितलं पाहिजे. उलट पहिल्या दिवशी ती देवळातून बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिकडे फडात ती म्हणत आहेत आणि ते इकडे ऐकू येतंय, असंच तिला वाटलं. देवाने एकटीला एवढं दिलं. त्या रिकाम्या वस्तीत, जिथे कुत्रीसुद्धा पाण्यापायी निघून गेली होती, ती आता दुपारची वाट पाहू लागली.

३

पौषात शमूची किरकिर ऐकू आली. नावं घेताना ती त्याच्या नावापाशी आली की मागे तान्हं पोर कुरकुरायचं आणि चतुरा त्याला "हं हं" करायची. साखराबाईला हसू यायचं. पुढे किरकिरीची जागा बोबड्या आवाजांनी घेतली. लेकरू वाढतंय, दूध मिळतंय, असं तिने मनात धरलं. दिवस मोजले तर शमूचा चौथा महिना सरत आला असेल. मग एके दिवशी काहीतरी जमिनीवरून सरपटत गेल्याचा आवाज आला. चौथ्या महिन्यात पोर रांगत नाही. पण एखादं लवकर रांगतंही, म्हणून तिने तेवढ्यावर सोडून दिलं.

सोडता आली नाही ती दुसरी गोष्ट. ती तिच्या कधी लक्षात आली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. भाकरीच्या ओळीला मागचे आवाज चढत, ते समजण्यासारखं होतं, भुकेली माणसं होती ती. क्षमेची ओळ सगळे म्हणत. 'परीक्षेत आणू नको' हीही म्हणत. त्यानंतर ती म्हणायची, वाइटापासून सोडव. आणि मागे कोणी काही म्हणायचं नाही.

सगळे एकदम गप्प. खोकला नाही, पोराची कुरकुर नाही. ती पुढची ओळ घेईपर्यंत तशीच शांतता. पुढच्या ओळीला मात्र सगळे पुन्हा हजर, आणि जरा मोठ्यानेच.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपलाच आवाज बारीक झाला असेल. दुसऱ्या दिवशी तिने ओळ ठासून म्हटली. शांतता. तिसऱ्या दिवशी ती म्हणून थांबली आणि मनात शंभर मोजले. मागे इतकी माणसं श्वास घेत असल्याचं तिला ऐकू येत होतं. कोणी तोंड उघडलं नाही. ती वाट पाहत होती, आणि तेही वाट पाहत होते.

तिने घाम पुसला आणि पुढची ओळ घेतली.

४

माघात पाण्याचा टँकर सडकेवर यायचा, कधी सकाळी, कधी दुपारी. एकदा तो बाराच्या सुमारास आला. साखराबाई घागर घेऊन सडकेला गेली. रांग मोठी होती. सूर्य डोक्यावरून सरकला तरी तिचा नंबर आला नाही. तिने तिथेच उभ्याउभ्या, मनातल्या मनात प्रार्थना म्हटली.

परतताना माळावर रहेमतबी भेटली. गावातली तिच्याच वयाची बाई, शेळ्या घेऊन वस्तीच्या बाजूला यायची. दोघींची जुनी ओळख. तिने साखराबाईला पाहिलं आणि ती थांबली.

"तू हिकडून कुठून?"

"टँकरला गेलते."

रहेमतबीने एकदा तिच्या घागरीकडे पाहिलं, एकदा वस्तीकडे.

"मग देवळात कोन हाय?"

"कोन असंल? कुलूप हाय देवळाला."

"साखरा, तुझी मान्सं आली न्हाईत का वापस? मी आत्ताच तिकडून आले. आत लई मान्सं हुती. पढत हुती तुमचं ते. येक लेकरू बी हुतं."

साखराबाईने घागर खाली ठेवली.

"म्होरं कोन म्हणत हुतं?" तिने विचारलं.

"म्हंजे?"

"येक जण म्होरं म्हणतंय, मग बाकीचे म्हणत्यात. म्होरं कोन म्हणत हुतं?"

"असं कावून विचारतीस?" रहेमतबी म्हणाली. "तूच म्हणत हुतीस की. तुझा आवाज मला कळत न्हाई का?"

मग रहेमतबीने शेळ्या वळवल्या आणि गावाकडे निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "आजच्याला माझ्या घरी झोपाया ये."

साखराबाई गेली. रात्रभर रहेमतबीच्या घरात तिला एकच हिशेब लागत नव्हता. कान वाजत असतील तर ते माझे वाजावेत. हिचे कशाला वाजतील? आणि नगरकडून आवाज येत असेल तर त्यात माझा कसा असेल? मी तर सडकेवर उभी होते.

५

दुसऱ्या दिवशी देवळाला लागलेलं कुलूप तसंच ठेवावं, असं तिला वाटलं. वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. पण शब्द दिलेला होता. इकडे साखरा म्हणेल. तिकडे ते म्हणत असतील आणि इकडे कोणी म्हणालं नाही तर मंडळी तुटेल. तिने कुलूप काढलं.

प्रार्थना सुरू झाली. मागे सगळे होते. ती त्या ओळीपाशी आली आणि थांबली. पुन्हा ती शांतता, पुन्हा ते वाट पाहणं तिला नको होतं. तीन महिने ती कोणाशी धड बोलली नव्हती. एक ओळ. एक दिवस. तिने ती गाळली आणि सरळ पुढची घेतली.

मागून मोठा, समाधानाचा सुस्कारा आला. सगळ्यांचा मिळून एक. आणि मग ते पुढे सरकले. तरटं सरकल्याचा, लुगडी घासल्याचा आवाज तिने ऐकला. आवाज आता दहा हातांवर नव्हते, पाठीशी होते. मानेवर ऊब लागत होती. ती नावं घेत गेली आणि शमूच्या नावाला काहीतरी जमिनीवरून सरपटत तिच्या लांब केलेल्या पायापाशी आलं. बारक्या बोटांनी तिच्या पदराचं टोक धरलं. हळूच, पोरं धरतात तसं. आणि ओढलं.

ती कशी उठली, कशी बाहेर आली, तिला आठवत नव्हतं. ओसरीवर बसून ती रडली. भीतीने रडली, आणि आपण ती ओळ गाळली म्हणून रडली.

पुढच्या दुपारी ती पुन्हा गेली. या वेळी तिने मनाशी ठरवलं होतं. प्रार्थना म्हणत ती त्या ओळीपाशी पोचली. वाइटापासून सोडव, ती म्हणाली, आणि शांतता पडल्याबरोबर तिने डोळे उघडले. मान वळवण्याआधीही ती थांबली नाही. तीच ओळ परत म्हणत, म्हणता म्हणता तिने मागे पाहिलं.

या वेळी ते नाहीसे झाले नाहीत.

तिने फार पाहिलं नाही. तेवढा वेळही नव्हता. ते रांगेने बसले होते, ज्याच्या त्याच्या जागी, माना खाली. लुगडी ओळखीची होती. सटवाच्या जागी सटवाचं मुंडासं होतं. चतुराच्या जागी चतुराचं हिरवं लुगडं होतं, आणि पदराखाली, मांडीवर, काहीतरी घट्ट गुंडाळून घेतलेलं होतं. पदराच्या काठाखालून दोन पाय बाहेर आले होते. ते जमिनीला टेकले होते. ते लेकराचे पाय नव्हते. चांगले लांब होते, टाचा भेगाळलेल्या, आणि त्यांची बोटं हळूहळू हलत होती.

सटवाचं मुंडासं वर होऊ लागलं. साखराबाईने चेहऱ्यापर्यंत नजर जाऊ दिली नाही. ती उभी राहिली, तीच ओळ म्हणत, भिंतीला पाठ लावून, दुखरा पाय ओढत दारापर्यंत गेली. दारात पोचून उंबऱ्यावर बसली, आत तोंड करून. आता आत काही नव्हतं. घशाला कोरड पडली तरी ती म्हणत राहिली. रहेमतबीने माळावरून पाहिलं आणि पाणी आणून दिलं, तोवर.

त्यानंतर ती रोज उंबऱ्यावर बसून म्हणे. आत पाहत. डोळे सताड उघडे. आतून एकही आवाज आला नाही. एकटीने ओळ म्हणायची, एकटीने पुढची घ्यायची. हे आधीपेक्षा फार अवघड होतं. ती म्हणत राहिली.

६

चैत्रात ट्रक आला.

माणसं उतरली ती अंगाने निम्मी झाल्यासारखी. सटवाच्या दाढीत पांढरे केस दिसत होते. भारत कोणाकडे न पाहता बोचकी उतरवत होता. चतुरा शेवटी उतरली. तिच्या दोन्ही हातांत काही नव्हतं.

घरात गेल्यावर सटवाने स्वतःच सांगितलं.

"जाऊन चार दिस झाले न्हाई तर थंडी लागली पोराला. पाचटाची कोपी ती, उघड्यावरच झोपल्यावानी. सकाळी पायलं तर गार. उसाच्या बांधाला पुरला." तो थांबला. "मुकादमानं त्याच दुपारी फडात घातलं सगळ्यांला. चतुराला बी."

"चौथ्या दिशी," साखराबाई म्हणाली.

"चौथ्या."

ती चुलीपाशी उभी होती.

"आवो, दुपारची प्रार्थना?"

सटवा खाली पाहत राहिला. "त्या दिसापस्नं कोनी म्हणली न्हाई. मी सुरू करायला गेलतो. चतुरानं भाकर फेकून दिली आन् म्हणाली, तुमी म्हणलात तर मी हितनं उठून जाईन. मला बी तोंड उघडाया झालं न्हाई मग." त्याने वर पाहिलं. "तू म्हणत हुतीस?"

"म्हणत हुते."

"रोज?"

"रोज. तुमी... येकदा बी न्हाई?"

"येकदा बी न्हाई, साखरा."

आपण एवढे दिवस कोणाला ओळी सांगत होतो, हे तिने त्याला विचारलं नाही. त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

७

रविवारी सगळे देवळात आले. चतुरा येणार नाही असं भारत म्हणत होता, पण ती आली आणि आपल्या जागी बसली. साखराबाई तिच्याशेजारी बसली. सटवा पुढे.

प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. साखराबाईने मिटले नाहीत. मंडळीचे आवाज दबके, थकलेले होते, पण माणसांचे होते. भाकरीची ओळ झाली, क्षमेची झाली. चतुराचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

"वाइटापासून सोडव," सटवा म्हणाला.

मंडळीने म्हटलं. सगळ्यांनी. आणि चतुराचे ओठ थांबले.

तिची मान हळूच वळली, दाराकडच्या कोपऱ्याकडे. डोळे मिटलेलेच. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत होतं. तिने मांडी सैल केली, पदर सारखा केला, दोन्ही हात पुढे केले. एखादं पोर रांगत येत असेल तर बाई करते तसे. साखराबाईने कोपऱ्यात पाहिलं. काही नव्हतं. पण मधल्या तरटाचा काठ आपोआप दुमडला, मग त्याच्या अलीकडच्याचा.

साखराबाईने चतुराचे दोन्ही हात धरून आपल्या छातीशी ओढले.

"चतुरा, डोळे उघड."

"मावशी, सोडा. त्यो येतोय."

"डोळे उघड. माझ्याकडं बघ आन् म्हण."

"त्यो रडतोय, मावशी." तिचे हात सुटायची धडपड करत होते. तिच्यात एवढी ताकद कुठून आली, कोण जाणे.

पुढे सटवा अडखळला. साखराबाई म्हणाली, "थांबू नगा. तीच ओळ घ्या. पुन्यांदा घ्या." सटवाने घेतली. मंडळीने म्हटली. पुन्हा घेतली. सगळ्यांनी आता डोळे उघडले होते आणि दोघींकडे पाहत होते, आणि तरटांचं ते दुमडणं चतुराच्या पायाशी येऊन थांबलं होतं. साखराबाई तिच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणत होती. किती वेळा, कोणी मोजलं नाही. शेवटी चतुराने डोळे उघडले. तिने आपली रिकामी मांडी पाहिली.

"सोडव," ती म्हणाली. तेवढाच एक शब्द. मग ती साखराबाईच्या अंगावर कोसळली आणि रडली. पोर गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती, असं भारतने नंतर सांगितलं.

घराकडे जाताना चतुरा साखराबाईच्या शेजारून चालत होती.

"मावशी, तुमाला बी ऐकू येत हुतं का?"

"येत हुतं," साखराबाई म्हणाली. "पर त्यो शमू न्हवता."

"कशावरून?"

साखराबाईने पायांचं सांगितलं नाही. ते तिने मरेपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. "शमू देवाघरी हाय," ती म्हणाली. "तितनं कोनी आईला रडत बोलवीत न्हाई."

घराच्या दाराशी आल्यावर चतुरा म्हणाली, "उद्या म्होरं मी म्हणते."

पुढे पाऊस पडला, पाळकसाहेब आले. ह्या मंडळीत सगळे डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतात, हे पाहून त्यांना बरं वाटलं नाही. देवापुढे डोळे मिटावेत, त्यांनी समजावलं. साखराबाईने पदर सावरून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई पाळकसाहेब. आमी बघतच म्हणणार." त्यांनी कारण विचारलं. कोणी सांगितलं नाही. पुढे चतुरा बसली होती, मंडळीकडे तोंड करून. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिने पापणी लवू दिली नाही. तिने पहिली ओळ घेतली.